एकशे एकतीस पेशी

१९८० साल. इंग्लंडमधल्या केंब्रिजची रेण्वीय जीवशास्त्र प्रयोगशाळा. छोट्याशा खोलीत जॉन सल्स्टन सूक्ष्मदर्शकावर वाकून बसले आहेत. दिवसातून दोन बैठका, प्रत्येक चार तासांची, आणि हे सुमारे दीड वर्ष चालणार आहे. त्यांच्याशी बोलू नका. नजर क्षणभर हलली तरी एखाद्या पेशीचं विभाजन निसटेल आणि पुन्हा नव्या अंड्यापासून सुरुवात करावी लागेल.

ते हातानं चित्र काढायला वळतात तेवढ्यात तुम्ही डोळा लावून घ्या. अगारच्या पातळ थरावर सी. एलिगन्स या कृमीचं अंडं आहे. पूर्ण वाढ झाली तरी हा कृमी जेमतेम १ मिलिमीटरचा. अंगानं पारदर्शक, त्यामुळे रंग न घालताच जिवंत पेशींची केंद्रकं उठावदार दिसतात. एक पेशी दुभंगते. दोघींपैकी धाकटीकडे बघत राहा. तिच्या कडा गोल होतात, आतला ऐवज घट्ट होतो, आणि बघता बघता ती शर्टाच्या बटणासारखी चपटी, चकचकीत दिसू लागते. शेजारची पेशी तिला कवेत घेते. तासाभरात त्या जागी काही उरत नाही. कुठे जखम नाही, दाह नाही, बाहेर काही सांडलेलं नाही.

असं १३१ वेळा घडतं. या कृमीच्या उभयलिंगी देहात १०९० कायिक पेशी तयार होतात, त्यातल्या १३१ मरतात आणि ९५९ राहतात. अंडं बदला, दुसरा कृमी घ्या. त्याच पेशी, त्याच वेळी. स्कॉटलंडमधल्या अॅबर्डीनमध्ये काम केलेल्या केर, वायली आणि करी यांनी १९७२मध्येच अशा मरणाला अपॉप्टोसिस हे नाव दिलं होतं. पण ही सुरी चालवतं कोण, हे अजून कुणालाच माहीत नाही.

चार-पाच वर्षं पुढे चला, समुद्रापलीकडे. हेही केंब्रिजच, पण मॅसॅच्युसेट्समधलं. सल्स्टन यांच्याबरोबर काम केलेले रॉबर्ट हॉर्विट्झ इथे एमआयटीत आहेत आणि त्यांची विद्यार्थिनी हिलरी एलिस कृमी तपासते आहे. तिची युक्ती मला फार आवडते. तिनं मुद्दाम असे कृमी घेतले आहेत, ज्यांच्यात मेलेल्या पेशी उचलल्याच जात नाहीत, म्हणून प्रेतं ठळक दिसत राहतात. या कृमींच्या जनुकांत रसायनानं बदल घडवायचे आणि पुढच्या पिढ्यांत ‘प्रेत नसलेला’ कृमी शोधायचा. तुमच्या डोळ्यांदेखत तसा एक सापडतो. प्रेतं नाहीत, कारण कुणी मेलंच नाही! ज्यांनी जायचं होतं त्या पेशी जिवंत आहेत. आणि त्या जास्तीच्या पेशी अंगात घेऊन हा कृमी खातो, वळवळतो, अंडी घालतो. बिघडलेल्या जनुकाचं नाव सेड-३. १९८६मध्ये एलिस आणि हॉर्विट्झ यांचा निबंध प्रसिद्ध होतो: मरण पेशीच्या स्वतःच्या जनुकात लिहिलेलं आहे.

आता १९९३, बॉस्टन. चीनमधून शिकायला आलेल्या आणि हॉर्विट्झ यांच्या प्रयोगशाळेत घडलेल्या जुनयिंग युआन यांच्यासमोर सेड-३च्या प्रथिनाची ओळ आहे, ५०३ अमिनो आम्लांची. शेजारी माणसाच्या एका विकराची ओळ. दाह चेतवणारं एक प्रथिन कापणारं हे विकर वर्षभरापूर्वीच उलगडलं आहे. दोन्ही ओळींवरून बोट फिरवा. विकराच्या ऐन कापणाऱ्या जागी पाच अमिनो आम्लं ओळीनं तीच: ग्लुटामिन, अॅलनिन, सिस्टीन, आर्जिनिन, ग्लायसिन. मातीतला कृमी आणि तुम्ही, सुरीचं पातं एकच.

१९९६मध्ये अशा विकरांच्या घराण्याचं नाव कॅस्पेज असं ठरतं. सिस्टीनमधल्या गंधकाच्या बळावर ही विकरं प्रथिन कापतात, आणि तेही अॅस्पार्टिक आम्लाच्या लगेच पुढेच. पोटातल्या पाचक विकरांसारखा सगळ्याचा चुरा ती करत नाहीत. मोजक्या प्रथिनांवर, मोजक्या जागी घाव घालतात. एरवी ती पेशीत निष्क्रिय रूपात पडून असतात. इशारा मिळाला की साखळीतली पहिली कॅस्पेजेस जागी होतात आणि कॅस्पेज-३ला कापून जागं करतात. मग केंद्रकाला आतून धरून ठेवणारं जाळं तुटतं. डीएनए कापणाऱ्या विकराला अडवून बसलेलं प्रथिनही कापलं जातं आणि डीएनएचे तुकडे पडतात. पेशीचं बाहेरचं आवरण मात्र शेवटपर्यंत शाबूत राहतं. तुम्ही गर्भात असताना तुमच्या बोटांमधला पडदा असाच विरला होता.

आणखी एक थांबा, २०१६. कृमीत सेड-९ हे प्रथिन मरण अडवून धरतं, माणसात तेच काम बीसीएल-२ करतं. रक्ताच्या काही कर्करोगांत पेशी हे बीसीएल-२ भरमसाट बनवतात, म्हणून मरायच्या पेशी मरत नाहीत. त्या वर्षी अमेरिकेत व्हेनेटोक्लॅक्स या औषधाला एका प्रकारच्या रक्तकर्करोगासाठी मान्यता मिळते. गोळी कर्कपेशीवर स्वतः घाव घालत नाही. ती बीसीएल-२ची पकड सोडवते. पुढचं कापाकापीचं काम पेशीतली कॅस्पेजेसच करतात.