पथ्याचा इतिहास: सुश्रुताच्या शंभर योजनांपासून उलव्याच्या खारजमिनीपर्यंत

१/
मधुमेह्याने काय खावे, या प्रश्नाचे बरेचसे उत्तर सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच लिहून ठेवलेले आहे. अनुत्तरित राहिला तो त्याच्या शेजारचा प्रश्न: ठरवलेले पथ्य वर्षानुवर्षे टिकवायचे कसे? या दुसऱ्या प्रश्नाला निरनिराळ्या काळांनी दिलेल्या उत्तरांचा हा थ्रेड. त्याची सुरुवात आयुर्वेदाच्या संहितांत होते आणि शेवट पनवेल तालुक्यातील उलवे येथे.

२/
चरकसंहितेत प्रमेहाची कारणे सांगताना पहिला मान विषाला वा कोपलेल्या दैवाला नाही. तेथे आहे बसून राहण्याचे सुख, झोपेचे सुख, दही, दूध, नवे धान्य आणि गुळाचे पदार्थ. रुग्णाच्या मूत्राकडे मुंग्या धाव घेतात, हेही निरीक्षण त्या काळच्या वैद्यांनी नोंदवले आहे. पथ्यात यवाला, म्हणजे सातूला, मोठे स्थान आहे. नवा तांदूळ कारणांच्या यादीत आणि जुना तांदूळ पथ्याच्या यादीत, असा बारकावाही त्यांनी पाळला.

३/
सुश्रुतसंहिता आणखी एक पाऊल पुढे जाते. प्रमेह दोन प्रकारचा: एक जन्मजात, दुसरा अपथ्यातून आलेला. पहिल्याचा रुग्ण बहुधा कृश, दुसऱ्याचा बहुधा स्थूल आणि बैठ्या सवयीचा. आजच्या टाइप १ आणि टाइप २ या विभागणीशी हे तंतोतंत जुळते असे म्हणता येणार नाही. परंतु दोन रुग्णांना एकच उपाय चालणार नाही, हे मर्म त्यात निश्चित आहे. कृश रुग्णाला जपावे, असे ग्रंथ स्पष्ट बजावतो.

४/
स्थूल रुग्णासाठी सुश्रुताने सांगितलेला उपचार विलक्षण आहे. निर्धन माणसाने पायांत काही न घालता, डोक्यावर छत्र न धरता, भिक्षा मागत, एका गावात एकच रात्र राहून शंभर योजने चालावे. धनवानाने श्यामाक आणि नीवार अशा रानधान्यांवर व आवळ्यासारख्या फळांवर राहून हरणांच्या सहवासात दिवस काढावेत. कोणी गाईंच्या मागे चालावे, कोणी शेत नांगरावे, कोणी विहीर खणावी. योजनेचे माप ग्रंथागणिक बदलते. तरीही ही चाल शेकडो किलोमीटरांची होते.

५/
यातील वैद्यकापेक्षा त्यामागचा विचार इतिहासाच्या अभ्यासकाला अधिक बोलका वाटावा. सुश्रुत रुग्णाला भरल्या घरात बसवून संयमाचा उपदेश करत नाही. तो त्याला स्वयंपाकघरातूनच बाहेर काढतो. भिक्षेवर जगणाऱ्या वाटसरूपुढे दह्यादुधाचे आणि गुळाचे ताट रोज येत नाही आणि विहीर खणणाऱ्याला बसून राहण्याचे सुख मिळत नाही. ज्या परिस्थितीतून अपथ्य जन्मते, ती परिस्थितीच बदलावी, हे पथ्य टिकवण्याचे पहिले ज्ञात उत्तर.

६/
महाराष्ट्राने संयमाला पंचांगाशी जोडले. एकादशी एकट्याला आठवावी लागत नाही. सारे घर आणि सारे गाव ती पाळते, म्हणून ती शतकानुशतके टिकली. मात्र चौकट टिकली तरी आतला ऐवज बदलू शकतो. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण याचीच साक्ष. टॅपिओकाच्या कंदापासून साबुदाणा बनवण्याचा उद्योग तमिळनाडूतील सेलम परिसरात १९४० च्या दशकात वाढला. आणि हा जवळजवळ निव्वळ पिष्टाचा पदार्थ मराठी उपवासाचा राजा झाला. अन्न कमी करण्याच्या दिवशी साखर वाढवणारे अन्न, असा हा विरोधाभास.

७/
युरोपात १७७६ साली मॅथ्यू डॉब्सन याने मधुमेह्याच्या मूत्रातील गोडी ही साखरेचीच असल्याचे दाखवले. १७९७ मध्ये ब्रिटिश लष्करी शल्यचिकित्सक जॉन रोलो याने कॅप्टन मेरेडिथ या स्थूल रुग्णावर केलेल्या उपचारांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. धान्य व भाजीपाला जवळपास बंद आणि भर मांसाहारावर. मूत्रातील साखर घटली. आहाराचा परिणाम आता मोजता येऊ लागला होता. आहार टिकवण्याचे कोडे मात्र जसेच्या तसे राहिले.

८/
त्या कोड्यावर इतिहासाने एक क्रूर प्रयोग करून दाखवला. १८७०-७१ मध्ये प्रशियाच्या सैन्याने पॅरिसला वेढा घातला. शहरात अन्नाची टंचाई झाली. आपोलिनेर बुशार्दा या वैद्याच्या लक्षात आले की, त्याच्या काही मधुमेही रुग्णांच्या मूत्रातील साखर या काळात नाहीशी झाली आहे. वर्षानुवर्षांच्या उपदेशाने जे साधले नव्हते, ते रित्या बाजाराने साधले. बुशार्दा कमी खाण्याचा आणि अंगमेहनतीचा आग्रह धरी. रुग्णांनी आपले मूत्र स्वतः तपासावे, हेही तो शिकवी.

९/
इटलीत नेपल्स येथील आर्नाल्दो कांतानी याने वेगळा मार्ग धरला. रुग्ण चोरून खातात, हे ओळखून त्याने त्यांना खोलीत कुलूपबंद ठेवले. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत फ्रेडरिक ॲलन याने उपासमारीच्या जवळ जाणारा आहार राबवला. इन्शुलिन नसलेल्या त्या काळात काही मुले त्यामुळे अधिक दिवस जगली, हे खरे.

१०/
परंतु ॲलनच्याच नोंदींत दृष्टी गमावलेल्या एका मुलाची हकिकत आहे. पहारा असूनही त्याची साखर वाढत होती. शोध घेतल्यावर कळले की, तो पिंजऱ्यातील कॅनरी पक्ष्याचे दाणे आणि दातांची पेस्ट खात होता. भुकेल्या मुलाला लबाड ठरवणे सोपे होते. प्रत्यक्षात त्याच्या निश्चयाची नव्हे, तर त्या पद्धतीचीच मर्यादा तेथे उघडी पडली.

११/
११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटोत लेनर्ड थॉम्पसन या मुलाला इन्शुलिनचे पहिले इंजेक्शन मिळाले आणि उपासमारीचे युग संपले. १९३६ मध्ये हॅरल्ड हिम्सवर्थ याने इन्शुलिनला प्रतिसाद देणारे आणि फारसा न देणारे, असे मधुमेहाचे दोन प्रकार वेगळे केले. बोस्टनच्या इलियट जॉस्लिन याने १९१८ मध्येच रुग्णांसाठी पुस्तिका लिहिली होती. त्याचा मार्ग शिक्षणाचा होता: रुग्णाने स्वतःच्या आजाराचा जाणकार व्हावे. कुलपाची जागा वहीने आणि पेन्सिलीने घेतली.

१२/
भारतात या शिक्षणमार्गाचे एक मोठे केंद्र मुंबई झाले. १९५५ मध्ये येथे डायबेटिक असोसिएशन ऑफ इंडियाची स्थापना झाली. डॉ. शां. स. आजगावकर यांचे नाव या कार्याशी निगडित आहे. पुढे माहीमच्या रहेजा रुग्णालयातून हे काम विस्तारले. पण भारतीय रुग्ण हा युरोपीय रुग्णाची छोटी प्रत आहे का, हा प्रश्न शिल्लक होता.

१३/
त्याचे उत्तर पुण्याच्या केईएम रुग्णालयातून आले. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील मातांचा व अर्भकांचा अभ्यास सुरू केला. तेथील बाळांचे सरासरी जन्मवजन सुमारे २.७ किलो, इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे सुमारे ३.५ किलो. आश्चर्य असे की, पुण्याच्या लहानखुऱ्या बाळांत स्नायू कमी असले तरी त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. वरून सडपातळ, आतून मेदयुक्त अशी ही देहरचना.

१४/
या संशोधनाचा नैतिक अर्थही मोठा आहे. मधुमेह हा केवळ खादाडपणाचा दंड आहे, ही समजूत त्याने मोडली. आईच्या पोषणाचा आणि गर्भातील वाढीचा माग प्रौढपणाच्या आजारापर्यंत लागू शकतो. ज्याने कधी पोटभर खाल्ले नाही, अशा घरातील मूल सुबत्तेच्या पहिल्याच पिढीत मधुमेही होऊ शकते. अशा माणसाला ‘तोंडावर ताबा ठेवा’ एवढेच सांगणे अपुरे आणि अन्यायाचे ठरते.

१५/
महाराष्ट्रात अलीकडे पथ्याची सर्वांत मोठी लोकचळवळ उभी राहिली ती नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांतून. २००४ मध्ये त्यांचे अपघाती निधन झाले. लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील प्राध्यापक डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी तो विचार गावोगावी नेला: दिवसातून दोनच वेळा जेवण, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत आणि रोज ४५ मिनिटे चालणे. अनेक आहारतज्ज्ञांनी व डॉक्टरांनी यावर आक्षेप घेतले. इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्याने स्वतःच्या मनाने जेवणे कमी केल्यास रक्तशर्करा धोकादायकरीत्या घसरू शकते, हेही विसरता येत नाही.

१६/
वैद्यकीय वाद बाजूला ठेवून या मोहिमेची रचना पाहिली, तर तिचे बळ नियमांच्या सोपेपणात आणि व्हॉट्सॲप गटांत दिसते. लोक तेथे तपासणीचे आकडे मांडतात, शंका विचारतात, एकमेकांना धीर देतात. वारीत एकट्याने चालणारा थकतो, पण दिंडी त्याला ओढून नेते, तसेच काहीसे. पंचांगाने जे काम एकादशीसाठी केले, ते येथे मोबाइलने केले.

१७/
संगतीची ही शक्ती चाचण्यांतही दिसली. चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावरील पुरुषांना मोबाइलवर नियमित संदेश पाठवले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दोन वर्षांत संदेश मिळणाऱ्यांपैकी १८ टक्क्यांना, तर न मिळणाऱ्यांपैकी २७ टक्क्यांना मधुमेह झाला. औषध एकही नाही. फक्त कोणीतरी आठवण ठेवत होते.

१८/
ब्रिटनमधील ‘डायरेक्ट’ चाचणीने याची दुसरी बाजू दाखवली. देखरेखीखालील अल्प उष्मांकाच्या आहाराने पहिल्या वर्षाअखेर ४६ टक्के रुग्णांचा टाइप २ मधुमेह औषधाविना आटोक्यात आला. दुसऱ्या वर्षाअखेर हे प्रमाण ३६ टक्क्यांवर आले. वजन परत चढले की साखरही परतते. पथ्याची खरी परीक्षा पहिल्या तीन महिन्यांच्या उत्साहात नसते; ती दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या कंटाळ्यात असते.

१९/
आता उलवे. खाडीकाठचा हा प्रदेश आगरी-कोळी समाजाचा: भातशेती, मासेमारी, मिठागरे. भरतीचे पाणी थोपवण्यासाठी खारजमिनीला बांध घालावे लागत आणि ते सतत राखावे लागत. राब भाजणे, चिखलणी, लावणी, कापणी, झोडणी हे सारे अंगमेहनतीचे. खाऱ्या जमिनीत तगणारा लालसर ‘राता’ तांदूळ हे या किनाऱ्याचे वैशिष्ट्य. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने ‘काळा राता’, ‘भुरा राता’ अशा वाणांवर काम केले. उखळात सडलेल्या त्या तांदळाची भाकरी आणि सुकी मासळी हे कष्टकऱ्याचे जेवण होते.

२०/
१९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील जासईच्या आंदोलनात पाच शेतकरी हुतात्मा झाले. त्या लढ्यातूनच साडेबारा टक्के विकसित भूखंडांचे धोरण पुढे आले. विमानतळासाठी सुमारे ९० मीटर उंचीची उलवे टेकडी कापली गेली, उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला. २०१८ मध्ये लोकल गाडी खारकोपरपर्यंत आली, २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले.

२१/
एवढा बदल दोन पिढ्यांत झाला. शेत गेले, त्याबरोबर शेताने न विचारता करून घेतलेली मेहनतही गेली. ताट मात्र सहजासहजी लहान होत नाही. कारण ताटाचा आकार भुकेइतकाच सवयीने, पाहुणचाराने आणि हळदीच्या रात्रींनी ठरतो. उलव्याच्या नव्या इमारतींत राहायला आलेल्या नोकरदाराचीही गत फार निराळी नाही. त्याचा दिवस प्रवासात आणि खुर्चीत जातो, जेवण रात्री उशिरा होते. सुश्रुताने ज्याला विहीर खणायला सांगितले असते, तो माणूस याच भूमीवर कालपर्यंत बांध घालत होता.

२२/
२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब अभ्यासानुसार भारतात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. इतक्या माणसांचा निश्चय एकाच वेळी दुबळा झाला, असे मानणे इतिहासाला धरून नाही. बदलली ती त्यांच्या भोवतालची कामे, अंतरे आणि स्वयंपाकघरे. पूर्वी परिस्थिती जे आपोआप घडवून आणत असे, ते आता एकेका माणसाने एकट्याच्या मनोबलावर करावे, अशी अपेक्षा आहे.

२३/
वेढा, कुलूप आणि पहारा यांनी पथ्य घडवले, पण ते संपताच पथ्यही संपले. अधिक काळ टिकली ती दोन उत्तरे: परिस्थिती बदलणे आणि सोबत मिळवणे. म्हणून रुग्णासाठी वेगळे, बेचव ताट वाढण्याऐवजी साऱ्या घराचाच भात थोडा कमी आणि डाळ, भाजी, मासळी थोडी अधिक होणे. पहाटे एकट्याने बूट चढवण्याऐवजी शेजाऱ्याने खालून हाक मारणे. आणि एखाद्या लग्नात पथ्य मोडले तर दुसऱ्या दिवशी घरातल्या कोणीही टोमणा न मारणे, या साध्या गोष्टींमागे दोन हजार वर्षांचा अनुभव उभा आहे. पथ्य मोडते, हे संहिताकारांनाही ठाऊक होते. मोडल्यानंतर माणूस पुन्हा कोणाच्या सोबतीने उभा राहतो, यावर पुढची वर्षे अवलंबून असतात.