चित्राचा ठसा

दिवाळीची रांगोळी हा आमच्या घरी अक्काचा प्रांत. ती रंग बदलते, पाकळ्या लहानमोठ्या करते, तरी उंबऱ्यातून डोळे किलकिले करून पाहिले की मी म्हणतो, "अक्का, हे गेल्या सालचेच कमळ!" हे कसब आता यंत्रालाही साधले आहे. त्याची हकीकत सांगतो.

ठशांची विद्या आपल्या देशास नवी नाही. १८५८ साली बंगालमध्ये जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई नामक कंत्राटदाराच्या पंजाचा ठसा करारावर उमटवून घेतला. १८९७ साली कलकत्त्यास बोटांच्या ठशांची कचेरी निघाली. अझिझुल हक व हेमचंद्र बोस यांनी ठशांची वर्गवारी १०२४ खणांत बसवली. पद्धतीला नाव मात्र लागले वरिष्ठ एडवर्ड हेन्रींचे!

पण चित्राला बोट कुठले? त्याची एक सोपी रीत अशी: चित्र लहान करून आठ बाय आठ, म्हणजे ६४ घरांचे करावे. रंग काढून केवळ उजेड ठेवावा. सरासरीहून उजळ घरास एक, काळोख्या घरास शून्य. हा झाला ठसा! दोन ठशांत मोजक्याच जागी फरक निघाला, तर चित्र तेच समजावे.

२००९ साली मायक्रोसॉफ्टने प्राध्यापक हनी फरीद यांच्या साह्याने 'फोटोडीएनए' सिद्ध केले. मुलांवरील अत्याचारांची छायाचित्रे पुन्हापुन्हा पसरू नयेत म्हणून. हेतू पुण्याचाच. पुढे ऑगस्ट २०२१ मध्ये अ‍ॅपलने लोकांच्या फोनमध्येच असे ठसे ताडून पाहण्याचा बेत जाहीर केला. त्याच महिन्यात अभ्यासकांनी दोन अगदी निराळ्या चित्रांचा एकच ठसा निघतो, हे दाखवून दिले. खाजगीपणाविषयीही ओरड झाली. डिसेंबर २०२२ मध्ये तो बेत सोडून देण्यात आला.

हे वाचताना मला माझाच एक अपराध आठवला. दोन निबंध सारखे दिसले म्हणून मी एका मुलाला वर्गाबाहेर उभे केले होते. नंतर कळले, दोघे मावसभाऊ; दोघांनी एकाच आजीची गोष्ट लिहिली होती. त्या मुलाची मान खाली गेलेली मला अजून दिसते. यंत्राने बोट दाखवावे. निवाडा मात्र माणसाने जवळ जाऊन करावा.

यंदा अक्काही म्हणाली, "मास्तर, उंबऱ्यातून काय पाहतोस? खाली बस, पाकळ्या मोज!"

मोजल्या. गेल्या साली आठ होत्या, यंदा बारा!