डिचोलीची न झालेली लढाई

स्मरणिका समितीने मला इतिहासावर काहीतरी लिहायला सांगितले. आपल्या शाळेचाच इतिहास लिहावा असे वाटले, म्हणून व्हॉट्सॲप ग्रुपवर स्थापनेचे साल विचारले. संध्याकाळपर्यंत तीन वेगवेगळी साले आली आणि एकाने सुचवले, "विकिपीडियावर बघ ना!" तेव्हा मित्रहो, आधी त्या विकिपीडियाचीच एक गोष्ट ऐका.

जुलै २००७ मध्ये इंग्रजी विकिपीडियावर एक लेख आला. विषय होता गोव्यातल्या डिचोली परिसरात १६४०-४१ साली पोर्तुगीज आणि मराठा साम्राज्य यांच्यात झालेली लढाई. लेख सुमारे साडेचार हजार शब्दांचा होता. त्यात लढाईची कारणे होती, तह होता आणि खाली पुस्तकांचे संदर्भही होते. दोनच महिन्यांत त्याला 'चांगला लेख' हा दर्जा मिळाला आणि पाच वर्षे तो टिकला.

ही लढाई मुळात झालीच नव्हती.

आपल्या इतिहासाच्या तासाला जे नीट बसले असतील त्यांना पहिल्याच ओळीत खटकले असते. शिवाजी महाराजांचा जन्म १६३० चा. १६४० साली ते दहा वर्षांचे होते, शहाजीराजे आदिलशाहीच्या चाकरीत होते आणि डिचोलीही आदिलशाहीतच होती. मराठा साम्राज्य आणायचे कुठून? महाराजांचा त्या भागाशी खरा संबंध पुढचा आहे. नार्वे येथील सप्तकोटेश्वराच्या देवळाचा जीर्णोद्धार त्यांनी केला तो १६६८ साली.

मग हे पाच वर्षे कोणाच्या लक्षात कसे आले नाही? मला वाटते, लेख सभ्य होता म्हणून. त्यात कोणाची निंदा नव्हती, कोणी चिडून तक्रार करावी असे काही नव्हते. तळटिपा पाहिल्या की वाचणाऱ्याचे समाधान होत असे. पुस्तक खरोखर आहे का, हे पाहायला कोण जातो? शेवटी २०१२ मध्ये एक स्वयंसेवक ती पुस्तके शोधायला गेला. ती कुठेच सापडली नाहीत आणि डिसेंबरअखेर लेख काढून टाकला गेला. ज्याने हे उघड केले तोही टोपणनावाने वावरणारा आणि ज्याने रचले तोही तसाच. रोग आणि औषध एकाच दुकानातले!

आपल्याकडे कोशांची रीत वेगळी होती. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांचा ज्ञानकोश २३ खंडांचा. मराठी विश्वकोशाचे प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी हे तर आपल्या खानदेशातले, पिंपळनेरचे. विश्वकोशातल्या नोंदीखाली लिहिणाऱ्याचे नाव असते, चुकले तर कोणाला विचारायचे ते कळते. पण केवळ नावाने लेख निर्दोष होतो असेही नाही. 'नेचर' या नियतकालिकाने २००५ साली विज्ञानाचे ४२ लेख तज्ज्ञांकडून तपासून घेतले. विकिपीडियात दर लेखामागे साधारण चार चुका निघाल्या, ब्रिटानिकात तीन.

१ मे २००३ पासून मराठी विकिपीडिया आहे. त्यावरच्या असंख्य गावांच्या पानांवर हवामानाचा तोच एक परिच्छेद दिसतो, जणू सगळ्या गावांवर एकच ढग फिरतो. हे निरुपद्रवी आहे. मला भीती वेगळीच वाटते. आपले गाव ब्राह्मणपुरी. चंद्रपूर जिल्ह्यात ब्रह्मपुरी आहे आणि भीमेकाठी आणखी एक ब्रह्मपुरी आहे, जिथे १६९५ पासून चार वर्षे औरंगजेबाची छावणी होती. कोणी घाईत एक-दोन अक्षरांची गफलत केली की बादशहाचा मुक्काम शहादे तालुक्यात!

असे झाले तर ते खोडायला आपल्याकडे छापील काय आहे? विकिपीडियाचा नियम असा, की मला माहीत आहे म्हणून चालत नाही, प्रसिद्ध झालेला आधार हवा. शाळेच्या पहिल्या वर्गाची आठवण सांगणारे गावात असतील, पण त्यांचे बोलणे आधार ठरत नाही. ही स्मरणिका मात्र उद्या कोणीतरी आधार म्हणून देईल. म्हणजे आपण इथे चुकीचे साल छापले, तर ते स्मरणिकेतून विकिपीडियावर जाईल आणि पुढच्या मेळाव्याच्या स्मरणिकेत तिथूनच परत येईल.

म्हणून मी तिन्हींपैकी एकही साल इथे छापलेले नाही. जुन्या जनरल रजिस्टरचे पहिले पान पाहू द्यावे, असा अर्ज शाळेकडे दिला आहे. ज्यांच्याकडे जुने शाळा सोडल्याचे दाखले असतील त्यांनी दोन्ही बाजूंचे फोटो समितीकडे पाठवावेत. १ जुलै १९९८ पूर्वीच्या दाखल्यावर 'जिल्हा धुळे' असेल, आजोबांच्या दाखल्यावर 'पश्चिम खानदेश' असेल. कोणी ते चूक समजून पेनाने दुरुस्त करू नये.