आबकारी आणि आरोग्य

कल्याण सोडून कसाऱ्याच्या वाटेला लागलेली आगगाडी पहिल्याने थांबते ती उल्हास नदीजवळच्या शहाड स्थानकावर. या मुलुखातील ठाकूर, कातकरी वस्त्यांत मोहाचे फूल हे अन्नही होते आणि मद्याचे साधनही. लग्नकार्याला लागणारी दारू घरच्या घरी गाळली जाई. 1878 च्या मुंबई आबकारी कायद्याने हे गाळणे सरकारी नियंत्रणाखाली गेले. उरणच्या भट्ट्यांत पंचमहालचा मोह उतरू लागला आणि तेथील दारू मक्तेदाराच्या दुकानातून विकली जाऊ लागली. 1892 साली तर ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगण्यावरही निर्बंध आले. पिणे काही थांबले नाही. पिणाऱ्याचा पैसा मात्र तिजोरीत जमा होऊ लागला.

1908 साली टिळकांच्या अनुयायांनी पुण्यात गुत्त्यांसमोर निरोधन केले. पुढे 1937 च्या खेर मंत्रिमंडळात आरोग्य आणि आबकारी ही दोन्ही खाती डॉ. गिल्डर या एकाच गृहस्थांकडे आली. हृदयरोगाचे हे निष्णात वैद्य स्वतः पारशी, आणि मद्याच्या व्यापारात पारशांचा वाटा मोठा. तेव्हा त्यांना स्वजनांचाच रोष पत्करावा लागला. 1 ऑगस्ट 1939 रोजी मुंबईत दारूबंदी झाली, आणि बुडालेल्या उत्पन्नाची भरपाई घरमालकांवर कर बसवून करण्यात आली. 1949 च्या कायद्याने तर पिणारा गुन्हेगारच ठरला.

परंतु वर्षानुवर्षे अतिमद्यपान केलेल्या माणसाची दारू एकाएकी तोडली, तर त्याला कंप सुटतो, झटके येतात, भ्रम होतो. क्वचित प्राणही जातात. त्याला शिपायापेक्षा वैद्याची गरज अधिक. अमेरिकेत ॲक्रन येथे 1935 साली एक शल्यवैद्य व एक शेअरदलाल, दोघेही मद्यासक्त, परस्परांच्या आधाराने सावरले आणि त्यांतून ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ ही संघटना जन्मास आली. महाराष्ट्रात 1986 साली डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी पुण्यात येरवड्यास ‘मुक्तांगण’ सुरू केले, पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांचे त्यास साहाय्य होते. प्रारंभी तेथे गर्दचे व्यसनी येत, पुढे दारूचे रुग्णच अधिक येऊ लागले. शरीरातील विष उतरणे ही केवळ सुरुवात. रुग्णाच्या पत्नीशीही तेथे बोलणे होते. बरा झालेला माणूस पुन्हा प्याला, तर त्याला दार बंद होत नाही. मधुमेहाची साखर पुन्हा वाढावी, तसेच ते समजून उपचार नव्याने सुरू होतात.