५ नोव्हेंबर : यादीपासून खुर्चीपर्यंत

आज अमेरिकेच्या इतिहासातली एक तारीख पाहू. ५ नोव्हेंबर.

तिकडे राष्ट्राध्यक्षाची निवडणूक नोव्हेंबरातल्या पहिल्या सोमवारनंतरच्या मंगळवारी होते. १८४५ साली तसा कायदा झाला. तेव्हा बहुतेक लोक शेतकरी. नोव्हेंबरात सुगी उरकलेली असायची. रविवारी प्रार्थना, सोमवारी घोडागाडीचा प्रवास आणि मंगळवारी मतदान. म्हणून काही वर्षी मतदान नेमकं ५ तारखेला येतं.

१८७२ साली तसंच आलं. तेव्हा बायकांना मताचा हक्क नव्हता. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर गावी सुझन अँथनी चार दिवस आधी बहिणींना घेऊन नोंदणीला गेल्या. नोंदणी चालली होती न्हाव्याच्या दुकानात! त्यांनी राज्यघटनाच वाचून दाखवली. इथे जन्मलेली व्यक्ती नागरिक, तर मग बाई नागरिक का नाही? अधिकाऱ्यांनी नावं लिहून घेतली. ५ नोव्हेंबरला सुझन यांनी मत दिलं, आणखी काही बायकांनीही दिलं. दोन आठवड्यांत त्यांना अटक झाली. खटल्यात न्यायाधीशांनी ज्यूरीला विचार करूच दिला नाही, दोषी ठरवा असं सांगून टाकलं. दंड झाला १०० डॉलर. तो त्यांनी कधीच भरला नाही.

१९०६ साली त्या वारल्या. बायकांच्या मताची घटनादुरुस्ती झाली १९२० साली. त्यानंतरही दक्षिणेकडच्या काळ्या बायकांना कर आणि वाचनाच्या परीक्षा लावून मतापासून अडवलं जाई. त्याला मोठा आळा बसला १९६५ च्या कायद्याने.

पुढे ५ नोव्हेंबर १९६८. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातून शर्ली चिझम निवडून आल्या. अमेरिकेच्या संसदेत पोहोचलेली ही पहिली काळी स्त्री. आधी त्या लहान मुलांच्या शिक्षिका होत्या. संसदेत त्यांनी गरीब गरोदर बायका आणि बाळांच्या पोषण आहारासाठी काम केलं.

आणि ५ नोव्हेंबर १९७४. कनेटिकट राज्यात एला ग्रासो गव्हर्नर म्हणून निवडून आल्या. गव्हर्नर म्हणजे तिथे राज्याचा निवडून आलेला प्रमुख. त्यांच्या आधी तीन बायका या पदावर आल्या होत्या, पण तिघींचेही नवरे पूर्वी गव्हर्नर होते. एलाबाई स्वतःच्या नावावर, स्वतःच्या कामावर आल्या.

दंड झालेल्या बाईपासून राज्य चालवणाऱ्या बाईपर्यंत १०२ वर्षं गेली. त्याची सुरुवात मतदार यादीत नाव घालण्यापासून झाली. आपल्याला मताचा हक्क घटनेनेच दिला, त्यासाठी अटक सोसावी लागली नाही. पण लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव माहेरच्या यादीतच राहतं, अठरा पूर्ण झालेल्या लेकीचं घालायचं राहून जातं. तेव्हा पुढच्या बैठकीत बचतीचा हिशेब झाला की गटातल्या प्रत्येकीच्या घरची नावं यादीशी ताडून बघा. जे राहिलंय ते बीएलओंकडे नोंदवा. आणि उमेदवारीचा अर्ज भरायची वेळ आली, तर सही करणारीनेच खुर्चीवर बसायचं, एवढं ठरवून ठेवा.