शिलेदाराचें घोडें

मोटार जुनी घ्यावी कीं नवी, हा प्रश्न मध्यम स्थितींतील कुटुंबांत पैशाचा प्रश्न म्हणून निघतो आणि बहुधा पैशाचा प्रश्न म्हणूनच मिटतो. नवीला पैसे पुरत नाहींत म्हणून जुनी, एवढेंच त्याचें उत्तर असतें. परंतु कांहीं गृहस्थ असे आढळतात कीं, त्यांस नवी गाडी सहज घेतां येईल, तरी ते दहापंधरा वर्षें दुसऱ्याच्या हाताखालीं गेलेली, चारही चाकांस जोर पोंचविणारी, वेगवान व कणखर अशी एखादी गाडी शोधीत गांवोगांव फिरतात. घरचीं माणसें ह्यास वेड म्हणतात, शेजारी हौस म्हणतात. आम्हांस हें वेड वाटत नाहीं, आणि केवळ हौसही वाटत नाहीं. ह्या आवडीला इतिहास आहे. आणि तो पाहावयाचा तर नगर जिल्ह्याइतकें सोयीचें ठिकाण आम्हांस दुसरें माहीत नाहीं.

अहमद निजामशहानें १४९० सालीं वसविलेलें हें नगर शहर २०२४ पासून सरकारी कागदोपत्रीं अहिल्यानगर झालें आहे. शहराजवळच भातवडी म्हणून गांव आहे. तेथें १६२४ सालीं मलिक अंबराची मोंगल व आदिलशाही फौजांशीं लढाई झाली. शत्रूचें बळ मोठें होतें. अंबरानें तेथील तलावाचें पाणी फोडून रानांत सोडलें आणि वाटा चिखलानें भरून टाकिल्या. जड सामानसुमान घेऊन आलेली शत्रूची फौज जागच्या जागीं अडली, आणि अंबराच्या हलक्या घोडेस्वारांनीं तिला छापे घालून जेरीस आणिलें. शहाजी राजे ह्या लढाईंत अंबराच्या बाजूनें लढले व त्यांचे बंधु शरीफजी तींत कामास आले. लढाईचें यश अनेक गोष्टींवर अवलंबून असतें हें खरें. तथापि ओल्या काळ्या जमिनींत कोणाचें पाऊल चालतें व कोणाचें रुततें, ह्या साध्या गोष्टीनें त्या दिवशीं मोठें काम केलें. आमचा विषयही शेवटीं तोच आहे.

मराठ्यांच्या घोडदळांत दोन प्रकारचे स्वार असत. बारगिराला घोडें सरकारी पागेंतून मिळे. शिलेदार आपलें घोडें व आपलीं हत्यारें घेऊन चाकरीस येई. शिवछत्रपतींचा भर पागेवर होता. पुढें पेशवाईंत शिलेदारांचें प्रमाण वाढलें. शिलेदारावर इतिहासकार असा आक्षेप घेतात कीं, तो लढाईंत आपलें घोडें फार जपे. आक्षेप खोटा नाहीं. बारगिराचें घोडें पडलें तर पागेंतून दुसरें मिळे. शिलेदाराचें पडलें तर त्याची उपजीविकाच पडे. परंतु ह्याच कारणानें आपल्या घोड्याच्या खुरांची, दांतांची व दमाची ओळख शिलेदाराला ठेवावीच लागे. मालकी आणि माहिती ह्यांची ही सांगड ध्यानांत ठेवून आम्ही आतां मोटारीकडे वळतों.

साध्या मोटारीचीं दोनच चाकें ओढतात. उरलेलीं दोन नुसतीं ओढलीं जातात. जमिनीवर चाकाची पकड किती, हें त्या चाकावर पडणाऱ्या भारावर अवलंबून असतें. तेव्हां दोन चाकें ओढत असतां गाडीचा जो भार उरलेल्या दोहोंवर पडतो, तो ओढण्याच्या कामीं फुकट जातो. कोरड्या सडकेवर हें जाणवत नाहीं. चिखल, वाळू किंवा ओला चढ आला म्हणजे मात्र ओढणारीं चाकें जागच्या जागीं गरगर फिरूं लागतात आणि गाडी खोल खोल रुतत जाते. चारही चाकांस जोर दिला म्हणजे गाडीचा सगळा भार कामास येतो. बैल अडला असतां गाडीवान स्वतः उतरून चाकाला हात लावतो, त्यांतलाच हा प्रकार.

ही युक्ति प्रथम युद्धासाठीं निघाली असें पुष्कळांस वाटतें. पण तसें नाहीं. १९०३ सालीं हॉलंडांतील स्पायकर बंधूंनीं सहा नळकांड्यांची, चारही चाकें ओढणारी एक मोटार बनविली, ती शर्यतीसाठीं. कल्पना उत्तम होती, परंतु खर्च फार व गुंतागुंत फार. ती मोटार पुढें मोठ्या संख्येनें निघाली नाहीं. शर्यतीच्या ह्या कल्पनेला बाजार मिळवून दिला तो दुसऱ्या महायुद्धानें. १९४० च्या उन्हाळ्यांत अमेरिकन सैन्यानें लहान, हलकी व चारी चाकांची ओढ असलेली गाडी कारखानदारांकडे मागितली. बॅंटम कंपनीनें त्याच सप्टेंबरांत नमुना हजर केला. पुढें विलिस व फोर्ड ह्या कारखान्यांनीं युद्ध संपेपर्यंत सहा लाखांवर गाड्या तयार केल्या. हीच जीप. तिचें एंजिन सुमारें २,२०० घनसेंटिमीटरचें व साठ अश्वशक्तीचें. पुढच्या व मागच्या आंसांतील अंतर ८० इंच. आणि चालकाच्या हाताशीं गिअरच्या दांड्याशेजारीं आणखी दोन ठेंगण्या दांड्या. एकीनें पुढचा आंस ओढीस जोडावयाचा. दुसरीनें गति उतरवून जोर वाढवावयाचा.

नगरचा ह्या यंत्रांशीं संबंध जुना आहे. फाळणीनंतर, १९४८ सालीं, चिलखती दळाचें शिक्षणकेंद्र येथें एकत्र होऊन स्थिर झालें. लष्करी वाहनांचें संशोधन व कसोटी करणारी संस्थाही येथेंच आहे. १९९४ सालीं उघडलेल्या रणगाड्यांच्या संग्रहालयांत रोल्स रॉइसची एक चिलखती मोटार ठेविली आहे. श्रीमंतांच्या सहलीसाठीं बनविलेल्या सांगाड्यावर पोलादी कवच चढवून तिला युद्धावर धाडलें गेलें. ती पाहतांना आमच्या मनांत येतें कीं, जीपची वाट नेमकी उलटी झाली: ती युद्धासाठीं जन्मली आणि मागाहून घरोघरीं आली.

ती घरीं आली, ती प्रथम जुनीच आली. युद्ध संपतांच हिंदुस्थानांत उरलेलें लष्करी सामान लिलांवानें विकलें गेलें, व त्यांत जीपगाड्याही होत्या. कालपर्यंत बारगिराकडे असलेलें घोडें असें शिलेदाराच्या दारीं आलें. पुढें महिंद्र कंपनीनें मुंबईस माझगांव येथें विलिस जीप जोडण्याचें काम सुरू केलें. १९५० च्या सुमारास प्रवरेकांठीं लोणी येथें विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ ह्यांच्या पुढाकारानें सहकारी साखर कारखाना उभा राहिला; आणि पश्चिम महाराष्ट्रांत पाटबंधारे, ऊंस व सहकार जसजसे पसरले, तसतशी पाणंदीच्या चिखलांतून जाणारी जीप गांवकऱ्यांच्या नित्य ओळखीची झाली.

जुनी गाडी घेण्यांतला धोका ह्याच काळांत साऱ्या देशानें अनुभविला. १९४८ सालीं काश्मीरचें युद्ध चालू असतां जीपगाड्यांची निकड पडली. लंडन येथें कृष्ण मेनन उच्चायुक्त होते. त्यांच्या मार्फत दुरुस्त केलेल्या दोन हजार जुन्या जीप घेण्याचा करार झाला. देशांत पोंचल्या त्या १५५, आणि लष्करास त्याही कामाच्या वाटल्या नाहींत. संसदेंत मोठा गवगवा झाला. १९५५ सालीं सरकारनें प्रकरण मिटल्याचें जाहीर केलें. दोष कोणाचा, ह्या वादांत आम्ही शिरत नाहीं. एवढेंच म्हणतों कीं, जुनें यंत्र दुरून, कागदावरून घेतलें असतां राज्यसुद्धां फसूं शकतें; मग एकट्या गृहस्थाची कथा काय?

आतां वेगवान गाड्यांकडे येऊं. १९७६-७७ च्या हिवाळ्यांत जर्मनींतील ऑडी कारखान्याचे यंत्रज्ञ फिनलंडच्या बर्फावर गाड्यांची परीक्षा घेत होते. त्यांच्याबरोबर इल्टिस नांवाची एक लष्करी गाडी होती. ७५ अश्वशक्तीची ही धटिंगण गाडी तिच्याहून जबर एंजिनांच्या सुंदर गाड्यांस मागें टाकूं लागली, कारण तिचीं चारही चाकें ओढत होतीं. त्यांतून निघालेली क्वाट्रो मोटार १९८० सालीं जिनीव्हाच्या प्रदर्शनांत लोकांपुढें आली. तिचें एंजिन २,१४४ घनसेंटिमीटरचें, म्हणजे जीपच्या एंजिनापेक्षां किंचित् लहानच. पण शक्ति २०० अश्वांची. पुढल्याच वर्षीं मिशेल मूतों ह्या फ्रेंच बाईंनीं ह्या गाडींतून सान रेमोची शर्यत जिंकली. जागतिक रॅलीस्पर्धेंतील शर्यत जिंकणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत. स्पायकर बंधूंच्या कल्पनेचें असें सार्थक व्हावयास पाऊणशें वर्षें लागलीं, आणि मधली वाट लष्करी छावणींतून गेली. आपल्याकडेही १९८५ सालीं आलेली मारुति जिप्सी सैन्यांत गेली आणि हिमालयांतील शर्यतींतही गाजली.

अशी गाडी जुनी झाल्यावर घेणाऱ्यानें काय पाहावें? पहिली गोष्ट टायरांची. चारही चाकें एका यंत्रणेनें बांधलेलीं असल्यामुळें एका टायराची झीज दुसऱ्याहून फार वेगळी असली, तर लहान चाक अधिक फेरे घेतें आणि त्याचा ताण आंतील दांतेरी चाकांवर पडतो. मागल्या मालकानें टायरांवर वांचविलेला पैसा नवा मालक गिअरांवर भरतो. दुसरी गोष्ट जीपची: पुढच्या व मागच्या आंसांमध्यें फरक सोसणारी योजना तिच्यांत नाहीं, म्हणून कोरड्या सडकेवर पुढचा आंस सोडून द्यावा लागतो. जो हें न जाणतां ती वर्षानुवर्षें वागवितो, तो ती झिजवूनच दुसऱ्याच्या हवालीं करितो. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, कारण ती जिवाशीं गांठ घालणारी आहे. चार चाकांची ओढ गाडीस निघण्यास व चढण्यास मदत करिते, थांबण्यास नव्हे. ब्रेक तर सर्वच मोटारींस चारही चाकांवर असतात. चंदनापुरीच्या घाटांत पावसाच्या दिवशीं चढतांना जो मालक इतरांस मागें टाकतो, त्यास उतरतांना त्यांच्याहून अधिक पकड मिळत नाहीं; मिळते ती फक्त अधिक घमेंड.

मग ही आवड बाळगणाऱ्यास लाभ कोणता? नगर जिल्ह्याचें रूप दुहेरी आहे. पूर्वेकडे पाथर्डी-जामखेडची कोरडी जमीन; पश्चिमेकडे अकोले तालुक्यांत कळसूबाई, हरिश्चंद्रगड आणि भंडारदऱ्याचा पावसाळी मुलूख. रतनवाडीच्या बाजूस श्रावणांत जाणाऱ्यास चारी चाकांची ओढ खरोखर लागते; परंतु बहुतेक मालकांस असे दिवस वर्षांतून चार येतात. तेव्हां गरज म्हणून ही खरेदी पटवून देणारा गृहस्थ घरच्यांस फसवितो किंवा स्वतः तरी फसतो. त्यानें मोकळेपणानें सांगावें कीं, आपल्याला हवी आहे ती गरजेची वस्तु नव्हे. नवी गाडी पैशानें मिळते, व तिची जबाबदारी कांहीं वर्षें विकणाऱ्याकडे राहते. तेथपर्यंत मालक बारगीरच. जुनी गाडी घेतली त्या दिवसापासून तिचा आवाज, तिची गळती, तिचा तापटपणा हीं सारीं आपलीं होतात. तीं ओळखावयास शिकणें भाग पडतें. आणि ह्या शिकण्यांतच त्या मालकाचें सुख आहे, असें आमचें मत झालें आहे. लोक त्यास एकांडा शिलेदार म्हणून हंसतात; पण शब्द बरोबर निवडतात.

हें सुख पुढें किती काळ मिळेल, हा प्रश्न निराळा. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षें पुरीं झालेल्या सरकारी गाड्यांची नोंदणी रद्द करून त्या मोडींत काढण्याचा नियम झाला आहे. संरक्षण व कायदा-सुव्यवस्था ह्यांच्या खास गाड्या तेवढ्या वगळल्या आहेत. खासगी गाडीस १५ वर्षांनंतर तपासणी करून नोंदणी पुन्हां घ्यावी लागते. धूर ओकणारीं व ब्रेक न धरणारीं वाहनें रस्त्यावरून जावींत, ह्यांत कांहीं गैर नाहीं. परंतु नीट राखलेलें यंत्र आणि टाकून दिलेलें यंत्र ह्यांत भेद पाहणारी नजर समाजांत शिल्लक राहावी, असें आम्हांस मनापासून वाटतें.

म्हणून घरांत कोणी अशी जुनी गाडी घेण्याची गोष्ट काढली, तर त्यास हंसण्यापूर्वीं तीन प्रश्न विचारावे. ती आजवर कोणीं व कशी वागविली, हें त्यानें समक्ष जाऊन पाहिलें आहे काय? किंमत देऊन झाल्यावर पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीपुरता पैसा त्यानें मुलांच्या फीला हात न लावतां बाजूस काढला आहे काय? आणि घाट उतरतांना तो गाडी सावकाश हांकील काय? तिन्ही उत्तरें होकारार्थी आलीं, तर त्यास गाडी घेऊं द्यावी आणि पहिल्या पावसांत त्याच्याबरोबर भंडारदऱ्यास जावें. एकही उत्तर नकारार्थी आलें, तर त्यास अजून थोडे दिवस पागेंतच ठेवावें.