हवा धरली!

दुसरबीड. तालुका सिंदखेडराजा, जिल्हा बुलढाणा. (पहिलं बीड कुठलं, असं विचारू नका. माझ्या मामाला तो विनोद पाठ झालाय.) समृद्धी महामार्गावर दुचाकीला मज्जाव, त्यामुळे पुण्याहून मामाकडे बाइकवर जायचं तर जालना, सिंदखेडराजा असा जुनाच रस्ता. मागच्या महिन्यात एका विकांताला माझी सेकंडहँड डर्ट बाइक घेऊन गेलो. शनिवारी दुपारभर शेताच्या पांदणीत मनसोक्त माती उडवली, दोनदा गाडीसकट आडवा झालो, आणि संध्याकाळी घराकडे येताना वळणावर समोर शेळ्यांचा कळप. पुढचा ब्रेक दाबला. लिव्हर सरळ मुठीला टेकली. ब्रेक नाहीच!

मागच्या ब्रेकवर उभा राहिलो, गाडी तिरकी झाली आणि मी बांधावर चढलो. शेळ्या सुखरूप. शेळ्यांमागची आठ-नऊ वर्षांची पोरगीही सुखरूप, ती तर खुदकन हसली. माझे हात मात्र बराच वेळ थरथरत होते.

पहिलं काम काय केलं असेल, तर ज्या गॅरेजात ब्रेक पॅड बदलले होते त्यांना मनातल्या मनात शिव्या घातल्या. मग जरा डोकं चालवलं. ऑइल कुठे गळत नव्हतं. पॅड ठीक. लिव्हर भराभर तीन-चार वेळा दाबली की कडक व्हायची, जरा थांबलं की पुन्हा ओल्या स्पंजसारखी. सकाळी फाट्यावरच्या मेकॅनिककडे ढकलत नेली. त्याने लिव्हर एकदाच दाबली आणि म्हणाला, "हवा धरली भाऊ."

आता या दोन शब्दांचा इतिहास बघा. बंदिस्त द्रवावर एका जागी दाब दिला की तो सगळीकडे सारखाच पोचतो, हे ब्लेझ पास्कालने मांडलं. त्याचा तो ग्रंथ छापला गेला १६६३ साली, त्याच्या मृत्यूनंतर वर्षभराने. (त्याच साली आपल्या पुण्यात लाल महालात शाहिस्तेखानाची बोटं तुटत होती.) आणि आदल्याच वर्षी, १६६२ मध्ये, रॉबर्ट बॉइलने सांगितलं होतं की दाब वाढवला की हवा त्याच प्रमाणात आकसते. म्हणजे वर्षभराच्या अंतराने एकाने हायड्रॉलिक ब्रेक कसा लागतो ते सांगितलं, आणि दुसऱ्याने तो का लागत नाही ते!

हिशोब सोपा आहे. लिव्हरपाशी ११ मिलिमीटर व्यासाचा पिस्टन असेल आणि तो १० मिलिमीटर सरकत असेल, तर एका दाबात जेमतेम एक मिलिलिटर ऑइल पुढे जातं. चहाच्या चमच्याचा पाचवा हिस्सा. त्या नळीत अर्धा मिलिलिटर हवा असली आणि दाब वीसपट झाला, की ती हवा विसाव्या भागाएवढी होते. लिव्हरचा जवळजवळ अर्धा प्रवास हवा दाबण्यातच संपला. उरलेल्यात चाक थांबवा.

तत्त्व एवढं जुनं, मग ब्रेक यायला विसावं शतक का उजाडावं लागलं? कारण द्रव आत ठेवणं. जोसेफ ब्रामाने लंडनमध्ये १७९५ साली हायड्रॉलिक प्रेसचं पेटंट घेतलं, तेव्हा त्याला छळलं ते गळतीने. त्याच्याकडे काम करणाऱ्या हेन्री मॉडस्लेने म्हणे तोड काढली : चामड्याची अशी वाटी, की दाब वाढला की ती आणखीच घट्ट बसते. १९१७ मध्ये अमेरिकेत माल्कम लॉकहीडने गाडीच्या हायड्रॉलिक ब्रेकचं पेटंट घेतलं (विमानांच्या लॉकहीडचा हा भाऊ), तेव्हाही आत चामडंच होतं. १९२१ च्या ड्यूसेनबर्गला चारही चाकांवर असे ब्रेक लागले. पण चामडं सुकायचं, आकसायचं, गळायचं. पुढे क्रायस्लरच्या इंजिनिअरांनी तिथे रबराच्या वाट्या बसवल्या आणि १९२४ च्या गाडीत ते ब्रेक आणले. सुरुवातीच्या काळात या ब्रेकमध्ये अल्कोहोल आणि चक्क एरंडेल घालत!

हे मी मामाला सांगत होतो, तर तो म्हणाला, "यात नवीन काय? तुझ्या आज्याची मोट चामड्याचीच होती. विहिरीवर लावायच्या आधी पाण्यात भिजवायची, नाहीतर अर्धं पाणी वाटेतच." ब्रामाला बिचाऱ्याला मामा भेटला नाही.

दुचाकीवाल्यांनी मात्र बरीच वर्षं तारेवर भागवलं. १९६२ च्या लॅम्ब्रेटा टीव्ही १७५ ला डिस्क होती, पण ओढणारी तारच. हायड्रॉलिक डिस्क खऱ्या अर्थाने घरोघरी नेली १९६९ च्या होंडा सीबी ७५० ने. आमच्या पिढीने ती कॉलेजच्या पार्किंगमध्ये पाहिली, १९९९ च्या सीबीझीवर.

असो. मेकॅनिकने नेहमीसारखं ब्लीडिंग केलं. खाली कॅलिपरच्या निप्पलला पारदर्शक नळी, लिव्हर दाबून धर, निप्पल ढिलं कर, घट्ट कर, मग सोड. बुडबुडे आले, पण लिव्हर अजून मऊच. मग त्याने वरची टाकी उघडून मला दाखवली. ऑइल खालच्या खुणेच्याही खाली होतं. पॅड झिजत गेले तसं ते उतरलं असणार, आणि मी कधी झाकणाकडे पाहिलंच नव्हतं. त्यात गाडी आडवी पडली, मधलं भोक उघडं पडलं आणि मास्टर सिलिंडरने हवा ओढली. गॅरेजवाल्याची मी मनातल्या मनात माफी मागितली. (शिव्याही मनातच होत्या, हिशोब बरोबर.)

हवेची खोड वर जायची, आणि आम्ही तिला वरून खाली हाकत होतो. मेकॅनिकने शेजारच्या दुकानातून ढोरांना टोचायची मोठी नवी सिरिंज आणली, तिच्यात नव्या सीलबंद डब्यातलं डॉट ४ भरलं (हे ऑइल हवेतली ओल शोषतं, आणि ओलं ऑइल घाटात लवकर उकळतं, म्हणून उघडी पडलेली बाटली नको) आणि खालच्या निप्पलमधून हळूहळू वर ढकललं. टाकीत एक मोठा बुडबुडा आला, मग बारीक बारीक चार-पाच. लिव्हर दाबली, दगडासारखी.

त्याने मजुरी घेतली दीडशे रुपये, सिरिंजचे तीस वेगळे. सिरिंज मी बॅगेत टाकली. दुपारी निघताना त्याच वळणावर ती पोरगी शेळ्या घेऊन उभी होती. मी बराच अलीकडे थांबलो, आणि कळप पूर्ण पलीकडे जाईपर्यंत उगाचच लिव्हर दाबून बघत राहिलो.